जुनी डाय, नवी खेप

भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वॉड्रन १ एप्रिल १९३३ रोजी कराचीत उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे चार वेस्टलँड वापिटी विमानं होती. एकावर एक दोन पंख, मधे दांड्या आणि तारांचं जाळं, उघडा कॉकपिट. या विमानाचं १:७२ प्रमाणातलं प्लॅस्टिक किट ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीनं १९७० च्या दशकात काढलं. त्याच दशकात फ्रॉगचा कारभार आटोपला, पण किट संपलं नाही. फ्रॉगच्या बहुतेक डाय, म्हणजे ज्यांतून किटचे भाग निघतात ते पोलादी साचे, सोव्हिएत संघात गेल्या आणि तिथं काढलेले तेच भाग ‘नोवो’ या नावानं पुन्हा ब्रिटनच्या दुकानांत आले. १९४३-४४ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर आपल्या ७ आणि ८ क्रमांकांच्या स्क्वॉड्रननी वापरलेलं व्हल्टी व्हेंजन्स हे बॉम्बफेकी विमानही याच वाटेनं गेलं. जर्मन, जपानी आणि इटालियन विमानांच्या डाय मात्र सोव्हिएत बाजूला नको होत्या. त्या रेव्हेल कंपनीकडे गेल्या.

कंपनी बुडते, कामगार पांगतात, खोक्यावरचं नाव बदलतं, आणि पोलादाचा ठोकळा नवीन मालकाकडे जाऊन पुन्हा माल देऊ लागतो. हे होतं कसं, आणि त्यात काय काय बिघडू शकतं, ते सुरुवातीपासून पाहू.

सुरुवात उरणजवळच्या द्रोणागिरीपासून करण्याचं कारण साधं आहे. पनवेलहून उरणकडे निघालं की सिडकोच्या या नोडभोवती कंटेनरची यार्डं आणि गोदामं पसरलेली दिसतात. न्हावा-शेव्याचं जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि आयात मालाची तपासणी, साठवण, सुटका यांचं बरंच काम या पट्ट्यातल्या कंटेनर फ्रेट स्टेशनांत, म्हणजे ‘सीएफएस’मध्ये, होऊ लागलं. परदेशातली जुनी डाय महाराष्ट्रातल्या कारखान्यात यायची तर तिचा नैसर्गिक रस्ता हाच. शिवाय इथली खारी हवा आणि पावसाळा हे डायचे पहिले शत्रू आहेत.

डाय येते ती लाकडी पेटीत. पेटीच्या फळ्यांवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का हवा. लाकूड तापवून किंवा धुरी देऊन कीडमुक्त केल्याची ती आंतरराष्ट्रीय खूण. आत पोलादाचे दोन जाड ठोकळे एकमेकांवर घट्ट मिटलेले, बाहेरून ग्रीस, त्यावर गंजरोधक कागद. वजन काही शे किलो, मोठ्या विमानाची किंवा जहाजाची डाय असेल तर टनाच्या पुढे. फोर्कलिफ्टशिवाय ती हलत नाही. वापरलेलं यंत्रसाहित्य असल्यामुळे तिची किंमत आणि अवस्था ठरवायला चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. हा कागद हिशेबासाठी असला तरी त्यातली ‘किती आयुष्य उरलंय’ ही नोंद पुढच्या सगळ्या कामाची दिशा सांगते.

समुद्रप्रवासात कंटेनर दिवसा तापतो, रात्री गार होतो. आतल्या हवेतली वाफ छतावर जमते आणि ठिबकते. ग्रीस एखाद्या कोपऱ्यात निघालं असेल तर तिथं गंज धरतो. डायच्या बाहेरच्या अंगाला गंज लागला तर ब्रश मारून काम भागतं. आतल्या, म्हणजे जिथं विमानाचा आकार कोरलेला आहे त्या अंगाला लागला, तर प्रत्येक खड्डा पुढे प्रत्येक प्लॅस्टिकच्या भागावर पुटकुळी होऊन उमटणार.

इथं डायची उलटी भाषा समजून घ्यायला हवी. मोदकाच्या साच्यात ज्या खाचा असतात त्या मोदकावर उभ्या कळ्या होतात, डायचंही तसंच. पोलादात ओरखडा काढला की प्लॅस्टिकवर उंच रेघ येते. पोलादात टोचा मारला की रिव्हेटचा दाणा उठतो. म्हणून १९५० आणि ६० च्या दशकांतल्या किटवर पत्र्यांचे सांधे उठावदार रेघांनी दाखवलेले असतात आणि अंगभर रिव्हेट असतात: कारागिराला ते पोलादात कोरणं सोपं होतं. खऱ्या विमानावर सांधा म्हणजे बारीक फट असते. ती फट प्लॅस्टिकवर आणायची तर पोलादात केसाएवढी उंच कड सोडून आजूबाजूचं सगळं पोलाद खरवडून काढावं लागतं. आज ते काम संगणकावर चालणारी मशिन आणि ठिणगीनं पोलाद झिजवणारं ईडीएम करतं. त्या काळी आधी लाकडाचा प्रत्यक्षाहून दुपटीचा किंवा त्याहून मोठा नमुना घडवत, आणि पँटोग्राफची सुई त्यावरून फिरली की दुसऱ्या टोकाचा कटर तोच आकार लहान करून पोलादात उतरवी. जुनी किट हाताळताना मला या माणसांच्या हातांचा फार आदर वाटतो. वापिटीसारख्या विमानाच्या कापडी पंखांवरचा बरगड्यांचा हलका उठाव त्यांनी मोजमापांबरोबरच नजरेच्या भरवशावर आणलेला आहे.

म्हणून साफसफाईत पहिला नियम: आतल्या अंगाला पॉलिश पेपर लावायचा नाही. रिव्हेटचे खड्डे मिलिमीटरच्या अगदी छोट्या अंशाएवढे खोल असतात. दोन वेळा घासलं तर पुसले जातात आणि पुन्हा येत नाहीत. रॉकेलसारख्या सॉल्व्हंटनं ग्रीस उतरवायचं, चिकटलेलं जुनं प्लॅस्टिक पितळेच्या मऊ पट्टीनं सोडवायचं, कोपऱ्यांना लाकडी काडी. मोठ्या टूलरूममध्ये कोरड्या बर्फाचे कण हवेच्या झोतानं मारतात. ते पोलादाला इजा न करता मळ उडवतात आणि मागे ओल ठेवत नाहीत. पोलादाची कानस या टप्प्यावर कपाटातच राहावी.

मग डाय उघडून मोजदाद. एका अर्ध्याला स्थिर बाजू म्हणतात; तिच्या मधोमध वितळलेलं प्लॅस्टिक आत शिरण्याचं तोंड असतं. दुसरा अर्धा हलतो, आणि थंड झालेला माल बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टर पिना त्याच्या पोटात असतात. दोन्ही अर्धे दरवेळी अचूक जुळावेत म्हणून चार कोपऱ्यांना गाइड पिलर. पन्नास वर्षं हे पिलर आपल्या बुशात सरकत राहिले की दोन्ही झिजतात, अर्धे किंचित बाजूला सरकतात आणि गोल भाग गोल राहत नाही: चाकाच्या, तोफेच्या नळीच्या मधोमध पायरी येते. पिलर आणि बुश बदलणं हे टूलरूमचं रोजचं काम आहे, आणि जुन्या डायवर केलेल्या खर्चात सर्वांत जास्त फळ याच कामाचं दिसतं.

सुटे तुकडे मोजणं त्याहून कठीण. बऱ्याच डायमध्ये इन्सर्ट असतात, म्हणजे काढता-घालता येणारे पोलादी तुकडे. एका इन्सर्टनं विमानाचं शेपूट एका आवृत्तीचं येतं, दुसऱ्यानं दुसऱ्या आवृत्तीचं. कंपन्या विकल्या जाताना डाय जाते आणि एखादा इन्सर्ट जुन्या गोदामाच्या फडताळात राहतो. कधी आधीच्या मालकानं नवीन आवृत्तीसाठी मूळ आकार वेल्डिंगनं बुजवून त्यावर दुसराच कोरलेला असतो. मग पहिली आवृत्ती कायमची गेली. जुनं नावही बहुधा असंच नाहीसं होतं. कलकत्त्याच्या ‘निकी टॉइज’नं १९६० च्या दशकाच्या अखेरीस लिव्हरपूलहून आलेल्या डिंकी टॉइजच्या डाय वापरून धातूच्या मोटारी काढल्या. त्यांतल्या काहींच्या तळाशी ‘डिंकी’ हे नाव खोडलेली जागा हाताला लागते.

पुढचा टप्पा जुनी डाय नव्या मशिनवर चढवण्याचा, आणि इथं बारीकसारीक गोष्टी दिवस खातात. डायच्या तोंडाभोवतीची लोकेटिंग रिंग ब्रिटनमध्ये चार इंची, म्हणजे १०१.६ मिलिमीटर असेल आणि इथल्या मशिनचं भोक १०० मिलिमीटरचं असेल, तर डाय मध्यावर बसत नाही. नवीन रिंग करून घ्यावी लागते. उचलण्याचे आयबोल्ट इंचाच्या आट्यांचे. मशिनच्या नोझलचं टोक आणि डायचं तोंड यांची गोलाई जुळत नसेल तर मधून प्लॅस्टिक गळतं. थंड पाणी फिरवण्याच्या नळ्या क्षारांनी चोंदलेल्या.

किती टनांचं मशिन लागेल याचा हिशेब कागदावर करता येतो. समजा एका रनरची, म्हणजे भाग ज्या चौकटीला लटकलेले असतात तिची, लांबी ३० आणि रुंदी २० सेंटिमीटर आहे. चौकटीतली रिकामी जागा वगळता प्लॅस्टिकनं व्यापलेलं क्षेत्र ३०० चौरस सेंटिमीटर धरू. आतला दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरला ३०० किलो धरला तर दोन अर्धे एकमेकांपासून दूर लोटणारं बळ ९०,००० किलो, म्हणजे ९० टन. मशिननं त्याहून जास्त ताकदीनं डाय दाबून धरली पाहिजे. ती कमी पडली तर अर्धे क्षणभर उघडतात आणि भागांच्या कडेनं प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा पसरतो. हाच फ्लॅश.

जुन्या किटला बसणाऱ्या शिव्यांपैकी निम्म्या या फ्लॅशमुळे. खरा दोष बहुधा मशिनच्या ताकदीचा नसतो. हजारो वेळा मिटून उघडून दोन अर्ध्यांच्या कडा बोथट झालेल्या असतात, आणि मिलिमीटरच्या शतांश भागात मोजली जाणारी फटसुद्धा वितळलेल्या पॉलिस्टायरिनला पुरते. मग ऑपरेटर दाब कमी करून बघतो. फ्लॅश थांबतो, पण बारीक अँटेना आणि बंदुकांच्या नळ्यांपर्यंत माल पोचत नाही: शॉर्ट मोल्डिंग. दाब वाढवला की पुन्हा पापुद्रा. या दोघांमधला अरुंद पट्टा शोधणं हे चांगल्या मोल्डिंग ऑपरेटरचं कसब, आणि ते कुठल्याही जुन्या नोंदवहीत लिहिलेलं सापडत नाही. कायमचा इलाज म्हणजे झिजलेल्या कडेवर लेझर वेल्डिंगनं पोलाद चढवून पुन्हा घासणं. काही जण दोन्ही तोंडं सरसकट ग्राइंड करून घेतात. त्यानं कडा जुळतात, पण आतली पोकळी तेवढी उथळ होते आणि पंख किंवा चाकं मूळ जाडीची राहत नाहीत. मला हा मार्ग नुकसानीचा वाटतो. थोडा फ्लॅश घरी ब्लेडनं काढता येतो. बारीक झालेलं चाक जाड करता येत नाही.

प्लॅस्टिकचा दाणा कोणता वापरायचा, याबद्दल काटकसर नको. किट पॉलिस्टायरिनचं असतं. दोनशे ते अडीचशे अंश सेल्सियसच्या दरम्यान ते वाहतं आणि थंड होताना सुमारे अर्धा टक्का आकसतं. वीस सेंटिमीटरचा पंख एक मिलिमीटर लहान होतो, आणि डाय कोरणाऱ्यानं ते आधीच धरलेलं असतं. कुणी स्वस्त म्हणून पॉलिप्रॉपिलीन घातलं तर आकसणं दीड टक्क्याच्या घरात जातं, तोच पंख तीन मिलिमीटर लहान होतो आणि कमी-जास्त जाडीचे भाग निरनिराळे वाकतात. शिवाय किट जोडण्याचा द्रव गोंद पॉलिस्टायरिनचं अंग विरघळवून दोन भाग एकजीव करतो. पॉलिप्रॉपिलीनवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. पुनर्वापराचा दाणा मिसळला की रंगात रेघोट्या येतात. कॉकपिटच्या पारदर्शक काचेला तर कोरा, स्वच्छ दाणाच हवा. बहुधा तिची डायही वेगळी असते, आणि तीच सर्वांत आधी हरवते.

एक शॉट निघायला साधारण अर्धं ते एक मिनिट. पहिले काही शॉट तेलकट, अर्धवट, फेकून देण्याचे. नंतर माल सुधारत जातो आणि मग ऑपरेटर, फिटर आणि ज्याला मूळ किट माहीत आहे असा एक माणूस, असे तिघं टेबलाशी बसून एकेक भाग तपासतात. तिसरा माणूस अनेक कारखान्यांत नसतो, हे दुर्दैव. झीज कोणती आणि मूळ कारागिराची चूक कोणती, हे त्याच्याशिवाय कुणाला सांगता येत नाही.

पोलादाचं काम संपलं तरी खोकं भरत नाही. विमानावरचे क्रमांक, चक्रं, पट्टे यांची डिकलं पुन्हा काढावी लागतात. जुन्या छपाईच्या फिल्म क्वचितच टिकतात, त्यामुळे ती नव्यानं रेखाटतात. इथं फायदा झालेला दिसतो. इटलीतल्या कार्टोग्राफसारख्या छापखान्याची आजची डिकलं साठ वर्षांपूर्वीच्या जाड, पिवळ्या पडणाऱ्या डिकलांहून फार सरस आहेत. खोक्यावरचं चित्र हा वेगळा ठेवा. रॉय क्रॉस यांनी १९६४ ते १९७४ या काळात एअरफिक्ससाठी केलेली चित्रं त्या कंपनीच्या ‘व्हिंटेज क्लासिक्स’ या आजच्या मालिकेत पुन्हा वापरली जातात, आणि पुष्कळ लोक किट घेतात ते त्या चित्रासाठी.

हे सगळं परदेशातच चालतं असं नाही. गोव्यात फनस्कूलनं जवळजवळ हेच केलं आहे, फक्त किटऐवजी पात्रांचं. एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून ही कंपनी १९८७ मध्ये निघाली. हॅस्ब्रोनं १९८२ पासून अमेरिकेत आणलेली पावणेचार इंची ‘जी. आय. जो’ सैनिक मालिका तिकडच्या दुकानांतून उतरत होती आणि त्याच आकारांचे सैनिक इथं निघत होते. ब्राझीलमध्येही एस्ट्रेला कंपनीनं ‘कोमांदोस एम आसांव’ या नावानं त्यातली पात्रं काढली होती. आकार डायमधून येतो, पण प्लॅस्टिकचा आणि रंगकामाचा निर्णय कारखान्याचा असतो. म्हणून भारतीय सैनिकांचे गणवेश अमेरिकी जोडीदारांपेक्षा निराळ्याच छटांचे निघाले. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत ते खेळणं म्हणून वापरून तुटले, आणि अमेरिकेतले संग्राहक आज तेच भारतीय नमुने मुद्दाम शोधतात. किटच्या बाबतीतही भारताचा हात लागलेला आहे: हॉर्नबीनं २००६ मध्ये एअरफिक्स विकत घेतल्यानंतर पुढच्या दशकात तिच्या कितीतरी खोक्यांवर ‘मेड इन इंडिया’ छापून आलं.

तरीही तयार खोकं परदेशातून आणणं महाग आहे. छोट्या प्रमाणातल्या प्रतिकृती सीमाशुल्काच्या तक्त्यात खेळण्यांच्याच गटात मोडतात, आणि खेळण्यांवरचं मूळ शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून बीआयएसचं चिन्हही सक्तीचं आहे. डायवरचं शुल्क त्या मानानं फार कमी. मग एखाद्या जुन्या डायचा काही महिन्यांसाठी करार करावा, ती न्हावा-शेव्याला उतरवून वसईच्या किंवा भोसरीच्या टूलरूममध्ये दुरुस्त करावी, इथंच माल काढावा आणि डाय परत पाठवावी, हे मला अगदी व्यवहार्य वाटतं. फिटर आपल्याकडे आहेत, मशिन आहेत, दाणा इथं मिळतो. कमी आहे तो कुठली डाय मागायची हे ठरवणारा माणूस. २०१८ मध्ये रेव्हेलची अमेरिकी मालक कंपनी हॉबिको दिवाळखोरीत गेली, तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या अटलांटिस या लहान कंपनीनं रेव्हेल-मोनोग्रामच्या पुष्कळ जुन्या डाय घेतल्या आणि तेव्हापासून ती एकेक करून त्या पुन्हा बाजारात आणते आहे. मालक मोठाच असावा लागतो असं नाही.

मी मागितली असती ती एअरफिक्सची १:६०० प्रमाणातली लिअँडर फ्रिगेट. नीलगिरी, हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी, विंध्यगिरी ही आपली सहा जहाजं याच ब्रिटिश आराखड्यावर माझगाव गोदीत बांधली गेली. ‘नीलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. या जहाजांचं नवीन किट या प्रमाणात कुणी पोलाद कोरून काढील, याची शक्यता कमी. जुन्या डायमधून निघालेलं एकोणीस सेंटिमीटरचं लिअँडर मात्र जुन्या मालाच्या दुकानांत अजून मिळतं.

ते मिळालं तर कामाचा क्रम असा ठेवावा. आधी सगळे रनर कोमट साबणाच्या पाण्यात धुवून वाळवायचे, कारण डायला मारलेलं तेल भागांवर राहिलेलं असतं आणि रंग धरत नाही. भाग कापण्याआधी प्रत्येक काठ उजेडासमोर धरून फ्लॅश पाहायचा आणि तो धारदार ब्लेड उभं धरून खरवडायचा, कापायचा नाही. जहाजाच्या धडाचे दोन अर्धे गोंद न लावता जुळवून बघायचे. पुढच्या टोकाला पायरी आली तर ती तळाकडे घेऊन घासायची म्हणजे डेक सपाट राहतं. मागच्या डेकवरचं वास्प हेलिकॉप्टर बाजूला ठेवायचं, कारण ‘नीलगिरी’वर चेतक होतं, या प्रमाणात ते पावणेदोन सेंटिमीटरचंही होत नाही, ताणलेल्या रनरच्या तारेतून हातानं करता येतं. ‘तारागिरी’ आणि ‘विंध्यगिरी’ करायच्या असतील तर सी किंगसाठी वाढवलेला हँगर प्लॅस्टिकच्या पत्र्यातून नव्यानं बांधावा लागेल, म्हणून पहिल्या खेपेला ‘नीलगिरी’च घ्यावी.